नेपाळच्या सीमेला कुंपण घाला म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा बघावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर आता आमच्याकडे ग्वाल्हेरला छापील येत नाही, त्यामुळे मी रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर ई-पेपर उघडते आणि सगळ्यात आधी वाचकांच्या पत्रांचं पान बघते. मागच्या आठवड्यात त्या पानावर एका वाचकांचं पत्र होतं की नेपाळची सीमा तारेचं कुंपण घालून बंद करा, पाकिस्तान-बांगलादेशकडे केलंय तसं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पासपोर्ट सक्तीचा करा. पत्र कळकळीने लिहिलेलं होतं, त्यांची काळजी खोटी नाहीये, पण वाचताना सारखं वाटत होतं की यांनी ती सीमा नकाशावर एकदाही बोट फिरवून बघितलेली नाही. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही घरचे पाच जण ह्याच सीमेवरून एका नाक्याने गेलो आणि दुसऱ्या नाक्याने परत आलो, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, आधीच सांगते.

आपल्या गृहखात्याच्या आकड्याप्रमाणे ही सीमा १७५१ किलोमीटरची आहे आणि ती आपल्या पाच राज्यांना लागते, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम. त्यात बिहारचा वाटा सगळ्यात मोठा, सातशे किलोमीटरच्या वर. आता पश्चिमेकडून निघा. वर तिबेटच्या कोपऱ्यातून काली नदी खाली येते, नेपाळी लोक तिला महाकाली म्हणतात आणि मैदानात उतरली की आपल्याकडे तीच शारदा होते, आणि ही नदीच तिथे सीमा आहे. धारचुला नावाचं गाव आपल्याकडे आणि समोरच्या काठावर दार्चुला, नाव एकच, बोलण्यातला फरक, मधे लोकांनी चालायचा झुलता पूल, तो ठरलेल्या वेळी उघडतो आणि ठरलेल्या वेळी बंद होतो. खाली झुलाघाटला पण तसाच पूल. एका काठावर शाळा, दुसऱ्या काठावर मामाचं घर, असं तिथलं जगणं आहे. मग नदी टनकपूर-बनबसाला मैदानात येते, तिथे इंग्रजांच्या काळातलं शारदा बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा बंधारा, आहे आणि त्याच्यावरून जाणारा अरुंद रस्ता हाच पश्चिम नेपाळचा मोठा दरवाजा, पलीकडे गड्डाचौकी आणि महेंद्रनगर. आता गंमत बघा, नदी सीमा आहे म्हणावं तर इथेच दोधारा-चांदनी नावाचा नेपाळचा तुकडा नदीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूच्या काठावर आहे, आणि तिथली माणसं स्वतःच्याच देशात, नेपाळात, जायला एका लांबच लांब झुलत्या पुलावरून नदी पार करतात. ज्यांना कुंपण घालायचंय त्यांनी मला सांगावं, ते इथे कुठून कुठे न्यायचं?

बनबसाच्या पुढे नदी दक्षिणेला निघून जाते आणि मग सुरू होते तराई. तिथे डोंगर नाही, खिंड नाही, सपाट भाताची आणि उसाची शेतं, आणि शेताच्या बांधावर दगडी खांब. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची, ती सीमा. त्याच्या दोन्ही अंगाला मोकळी ठेवायची पट्टी असते तिला तिथले लोक दसगजा म्हणतात, दहा गज. नावाप्रमाणे ती मोकळी असायला पाहिजे पण कितीतरी ठिकाणी तिच्यावर गुरं बांधलेली, गोवऱ्या थापलेल्या, पोरं क्रिकेट खेळतायत. खांबांना तिकडे जंगे पिलर पण म्हणतात, नेपाळचा तेव्हाचा पंतप्रधान जंगबहादूर राणा याच्या नावावरून. कित्येक खांब नदीने नेले, कित्येक मोडले.

नेपाळच्या दांग जिल्ह्याच्या खाली दुंडवा डोंगररांग लागते तेवढीच काय ती उंची, पुढे गंडक नदी येते. वाल्मीकीनगरचं बॅरेज अर्धं आपल्यात अर्धं नेपाळात, १९५९ च्या करारातलं. ही गंडक, तिला तिकडे नारायणी म्हणतात, तिने पात्र बदललं आणि सुस्ता नावाचं गाव नेमकं कोणाचं हा वाद अजून मिटलेला नाही. पुढे कोसी. कोसीचं बॅरेज तर सगळंच्या सगळं नेपाळच्या हद्दीत आहे आणि चालवतं कोण, तर बिहार सरकार, १९५४ च्या करारापासून. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमधल्या कुसहा इथे कोसीचा बांध फुटला, नदी आपल्या जुन्या वाटेने निघाली आणि बिहारमधली सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया अशा जिल्ह्यांतली गावंच्या गावं पाण्यात गेली, तीस लाखांच्या वर माणसांची वाताहत झाली. त्या वर्षी मी मुलींना वर्गात कोसीचा नकाशा काढायला लावला होता, एका मुलीने विचारलं, मॅडम पाणी तिकडून आलं मग तक्रार कोणाकडे करायची? मी तिला म्हटलं, दोघांनी मिळून बांध सांभाळायचा असतो. आजही माझं उत्तर तेच आहे.

मग जोगबनी-विराटनगर, मग मेची नदी, पानीटंकीच्या पुलापलीकडे काकडभिट्टा. आणि तिथून सीमा परत डोंगर चढते, सिंगालीला रांगेच्या माथ्यावरून. संदकफूला, ३६३६ मीटरवर, जे ट्रेकिंगला जाऊन आलेत त्यांना माहिती असेल की ती वाट कधी आपल्यात कधी नेपाळात असते, टुमलिंगला चहा प्यायलात तो नेपाळात प्यायलात. शेवटी कांचनगंगा, ८५८६ मीटर, तिच्या शिखरावर सीमा. म्हणजे बघा, नदी, पूल, शेताचा बांध, बॅरेज, बाजार, डोंगराचा माथा आणि बर्फ, एवढ्या सगळ्याला आपण एका शब्दात सीमा म्हणतो आणि तिला एकाच मापाची तार लावा म्हणतो.

ही रेघ आली कुठून ते पण सांगते, कारण त्यात आपला मराठी माणसाचा संबंध आहे आणि आमच्या ग्वाल्हेरचा तर आहेच. इंग्रज आणि गोरख्यांची लढाई झाली आणि सुगौलीचा तह झाला, तो पक्का झाला मार्च १८१६ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडायच्या दोन वर्षं आधी. त्या तहात कालीच्या पश्चिमेचा आणि मेचीच्या पूर्वेचा मुलूख नेपाळने सोडला, कुमाऊँ-गढवाल तेव्हा गेलं. मग १८५७ आलं. जून १८५८ मध्ये झाशीची राणी इथे ग्वाल्हेरला पडली, फूलबागेजवळ तिची समाधी आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे, आणि त्याच जूनमध्ये त्याच ग्वाल्हेरात नानासाहेबांच्या नावाने पेशवाईचा दरबार भरला होता, नानासाहेब स्वतः इथे नव्हते. पुढच्या वर्षी तेच नानासाहेब आपली माणसं घेऊन ही सीमा ओलांडून नेपाळच्या तराईत शिरले. लखनौची बेगम हजरत महल पण गेली, ती काठमांडूलाच राहिली आणि १८७९ मध्ये तिथेच वारली, तिची कबर काठमांडूत आहे. आणि ज्या जंगबहादूरने इंग्रजांना लखनौ घ्यायला फौज दिली त्याला बक्षीस म्हणून १८६० मध्ये इंग्रजांनी तराईचा पश्चिमेकडचा भाग परत दिला, बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर, त्याला नेपाळी लोक आजही नयाँ मुलुक म्हणतात. म्हणजे ह्या सीमेचा एक मोठा तुकडा आपल्याच बंडाच्या हिशेबात आखला गेलाय. आणि १९६६ मध्ये माधवीराजे लग्न होऊन नेपाळच्या राणा घराण्यातून शिंद्यांच्या घरात आल्या, जयविलास राजवाड्यात, त्यामुळे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या लोकांना नेपाळ परदेश वाटतच नाही, सोयऱ्यांचं गाव वाटतं.

स्वतंत्र झाल्यावर ३१ जुलै १९५० ला भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमात लिहिलंय की एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, धंदा, फिरणं ह्यात सारखी वागणूक द्यायची. म्हणून आपल्याला नेपाळला व्हिसा नाही आणि नेपाळी माणसाला आपल्याकडे नाही. हे काही कोणी विसरून उघडं ठेवलेलं दार नाहीये, करार करून उघडं ठेवलंय.

आता आमचा प्रवास. ग्वाल्हेरहून बरौनीची गाडी पकडली, ती गोरखपूरवरून जाते. हे, मी, वन्सं, धाकटे दीर आणि जाऊबाई. निघायच्या आधी इथल्या एका एजंटने आमच्याकडून माणशी पैसे घेतले होते, म्हणाला नेपाळ परमिट लागतं. गोरखपूरहून बसने साधारण नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर गेलो की सोनौली, तिथे एकच रस्ता, दोन्ही बाजूंना हॉटेलं, पैसे बदलून देणारे, आणि ट्रकांची न संपणारी रांग. सीमेवर पहारा देणाऱ्या एसएसबीच्या, म्हणजे सशस्त्र सीमा बलाच्या, जवानाने बॅगा बघितल्या, ओळखपत्र बघितलं, कुठे जाताय विचारलं, मुक्तिनाथ म्हटलं तर हात जोडले. कमानीखालून चालत गेलो आणि पलीकडे बेलहिया, नेपाळ. परमिट कोणी मागितलंच नाही कारण पायी जाणाऱ्या भारतीयाला ते लागतच नाही! गाडी घेऊन गेलात तर भन्सार भरावं लागतं, भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम, जितके दिवस गाडी तिकडे तितक्या दिवसांची पावती. एजंटला परत आल्यावर विचारलं तर त्याने फोनच उचलला नाही. पैशाचं दुःख होतंच पण जास्त दुःख ह्याचं की चार ओळींची माहिती लोकांपर्यंत पोचत नाही म्हणून हे चालतं.

आमच्या मागे दोन कोरियन मुली होत्या, पाठीवर मोठ्या सॅक, त्या आमच्यासारख्याच चालत पलीकडे गेल्या आणि नेपाळच्या इमिग्रेशनवाल्याने त्यांना परत पाठवलं, कारण भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का त्यांनी घेतलाच नव्हता. आपलं इमिग्रेशन ऑफिस बाजाराच्या दुकानांमधे असं बसलंय की दिसतच नाही. म्हणजे उघडी सीमा फक्त आपल्या दोघांना उघडी आहे, तिसऱ्या देशाच्या माणसाला पासपोर्ट, व्हिसा, शिक्का सगळं लागतं आणि ते पण ठराविक नाक्यांवरूनच. हे त्या पत्रलेखकांना माहिती नसावं.

पलीकडे गेल्यावर पहिलं काम घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करणं. दुकानाच्या पाटीवर साल २०७६, त्यांचं विक्रम संवत. शंभराचे एकशे साठ, हा भाव १९९३ पासून हललेला नाही, दुकानदार विचारतो आयसी की एनसी, म्हणजे भारतीय की नेपाळी. त्या वेळी शंभरच्या वरची भारतीय नोट नेपाळने बंद केलेली होती, आम्ही गोरखपूरलाच शंभराच्या गड्ड्या करून घेतल्या होत्या, नाहीतर पंचाईत होती. भैरहवाहून लुंबिनीला गेलो. १८९६ मध्ये तिथे अशोकाचा खांब सापडला आणि बुद्धाचं जन्मस्थान पक्कं झालं. पण कपिलवस्तू कुठलं, तर नेपाळ म्हणतं तिलौराकोट आणि आपल्याकडे म्हणतात पिपरहवा, दोन्ही जागा सीमेच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून फार लांबही नाहीत. बुद्ध लहानपणी ज्या शेतांतून फिरला असेल त्याच्यामधून आपण नंतर रेघ ओढली, त्याला कुठे माहिती होतं.

मुक्तिनाथ झालं, पोखरा झालं, काठमांडूला पशुपतिनाथ झालं. काठमांडूत त्या दिवसांत विद्यार्थ्यांचे मोर्चे चालू होते कारण २ नोव्हेंबरला आपण जम्मू-काश्मीरचा नवा नकाशा काढला होता आणि त्यात कालापानी, म्हणजे काली नदीच्या उगमाकडचा वादाचा डोंगराळ भाग, आपल्या हद्दीत दाखवलेलं, जसं आधीही दाखवत होतो. टॅक्सीवाला अगदी शांतपणे म्हणाला, आमाँ, कालापानी हमारा है. मी भूगोलाची बाई, मला हा प्रश्न माहिती होता. तहात लिहिलंय काली नदी, पण वर डोंगरात नदीला दोन-तीन प्रवाह येऊन मिळतात, त्यातली खरी काली कुठली? नेपाळ म्हणतं लिंपियाधुराकडून येणारी, आपण म्हणतो कालापानीच्या झऱ्यांपासून निघणारी. मे २०२० मध्ये आपण तिथल्या लिपुलेख खिंडीच्या रस्त्याचं उद्घाटन केलं, त्यानंतर त्यांनी नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये राज्यघटनेत घातला. मला स्वतःला वाटतं हा प्रश्न मोर्च्याने नाही, टीव्हीवर ओरडून तर नाहीच नाही, टेबलावर जुने नकाशे पसरून सुटेल, कारण बाकीची सीमा तशीच सुटलीय, दोन्हीकडच्या सर्व्हेवाल्यांनी वर्षानुवर्षं बसून १८२ पट्टी-नकाशे, म्हणजे सीमेच्या एकेका तुकड्याचे नकाशे, केले, २००७ ला ते काम संपलं, कालापानी आणि सुस्ता तेवढं राहिलं. ह्या कामाची बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

परत येताना खरं तर विमानाने दिल्लीला यायचं होतं. पण वन्संकडे फक्त आधार कार्ड, आणि विमानाने नेपाळ-भारत करायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पाहिजे, पंधरा वर्षांच्या खालचे आणि पासष्टच्या वरचे सोडून. वन्सं एकसष्टच्या. तिकिटाचे पैसे गेले आणि त्यांना एकट्यांना कसं सोडायचं म्हणून आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर रस्त्याने निघालो, नेपाळचं बीरगंज आणि पलीकडे बिहारचं रक्सौल. तेव्हा सगळे चिडलो होतो, आज मला वाटतं बरं झालं, नाहीतर रक्सौल बघितलं नसतं.

सोनौली यात्रेकरूंचा नाका आहे, रक्सौल हा नेपाळच्या पोटाचा नाका आहे. काठमांडूच्या घराघरात जाणारं धान्य, औषधं, लोखंड, तेल, बहुतेक सगळं इथून जातं, परदेशातला माल कोलकात्याच्या बंदरातून येऊन. इंधनासाठी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोतिहारी ते अमलेखगंज पाईपलाईन सुरू झाली होती, एकोणसत्तर किलोमीटर, त्याआधी सगळे टँकर ह्याच गल्लीतून. ट्रकांसाठी गावाबाहेर मोठी एकात्मिक चौकी झालीय, म्हणजे कस्टम आणि तपासणी सगळं एकाच आवारात, तरी गावातली गर्दी बघून जीव गुदमरतो, रेल्वे फाटक पडलं की रिक्षा, टांगे, सायकली, हातगाड्या सगळं जागच्या जागी. हो, टांगे! बीरगंजहून आम्ही टांग्यात बसून आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली, जाऊबाईंना आमच्या लहानपणचे ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या चौकातले टांगे आठवले. पुलाखाली सिरसिया नदी, काळं पाणी, वास सहन होत नाही, वरच्या अंगाच्या कारखान्यांची घाण घेऊन ती रक्सौलमध्ये शिरते. पाण्याला पासपोर्ट कोण विचारणार, कुंपणाने ही घाण थांबेल का? त्यासाठी बीरगंज आणि रक्सौलच्या लोकांना एकत्र बसावं लागेल, दुसरा मार्ग नाही.

तिथेच पुलाजवळ एका छोट्या टपरीसारख्या जागेत दोन बायका बसलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या तरुण मुलींकडे लक्ष ठेवून. एक पोरगी एका माणसाबरोबर चालली होती तिला त्यांनी थांबवलं, बाजूला घेऊन बोलल्या, घरी फोन लावून दिला. मुली फसवून न्यायचा धंदा ह्या सीमेवर मोठा आहे आणि तो थांबवायला अशा संस्था नाक्यानाक्यावर बसतात, माइती नेपाळ त्यातली सगळ्यांना माहिती असलेली, १९९३ मध्ये अनुराधा कोइराला यांनी सुरू केलेली. माइती म्हणजे माहेर, माहेरची माणसं. नाक्यावर माहेर बसलंय, मला हे फार आवडलं, रडू आलं खरं सांगते. आता विचार करा, नाक्यावरून जाणाऱ्या मुलीला ह्या बायका बघू तरी शकतात. तिथल्या एकीने मला स्वतः सांगितलं की नाक्यावर फार कडक झालं की दलाल मुलींना शेतातून, नदीच्या पाण्यातून नेतात, आणि तिथे यांची नजर पोचत नाही.

रक्सौलहून दिल्लीच्या गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात स्टेशन आलं, पाटीवर नाव सुगौली. मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं नाव. खिडकीतून बघत राहिले, साधं स्टेशन, केळीवाला, शेंगदाणेवाला.

आता त्या पत्रलेखकांच्या मुद्द्यांकडे येते. त्यांनी लिहिलंय की २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नेपाळात तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, तुरुंगातून हजारो कैदी पळाले आणि आपल्याकडे आले. खरंय, पळाले. पण त्यातले कितीतरी सीमेवर एसएसबीनेच पकडून दिले, तारेशिवाय. एसएसबी ह्या सीमेवर २००१ पासून आहे आणि त्यांचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे गावकरी, कोण नवा आला, कोण कोणाचा पाहुणा, हे गावाला लगेच कळतं. गावाच्या मधून तार नेली की हा आधार तुटणार. त्यांनी डिसेंबर १९९९ च्या विमान अपहरणाचा दाखला दिलाय, त्याची जखम आपल्या सगळ्यांच्या मनात आहे, पण ते विमान काठमांडूच्या विमानतळावरून उडालं होतं, चूक विमानतळाच्या तपासणीत झाली, भाताच्या शेतात नाही. आणि बांगलादेशचं कुंपण म्हणाल तर त्याला १९८६ मध्ये मंजुरी मिळाली, एवढी वर्षं झाली, नद्या आणि खाजणांमुळे ते अजून पूर्ण झालेलं नाही. कोसी-गंडक तर त्याहून लहरी.

दार बंद झालं की काय होतं ते पण आपण बघितलंय. १९८९ मध्ये व्यापाराचे आणि ट्रान्झिटचे, म्हणजे नेपाळचा माल आपल्या मुलखातून नेण्याचे, करार संपले आणि दोन नाके सोडून आपण बाकीचे बंद केले, २०१५ मध्ये नेपाळच्या नव्या राज्यघटनेनंतर पाच महिने रक्सौलला ट्रक अडले, तेही एप्रिलच्या भूकंपातून लोक उठत असताना. काठमांडूत आमच्या लॉजची मालकीण सांगत होती की त्या थंडीत गॅस नव्हता, तिने घरातली जुनी खिडकी फोडून चूल पेटवली. ती आमच्याशी प्रेमाने बोलली, डाळ-भात वाढला, पण हे सांगताना तिचा आवाज बदलला.

आणि आमच्या कॉलनीतले रात्रीचे चौकीदारकाका. पश्चिम नेपाळच्या डोंगरातले, वीस-बावीस वर्षं झाली इथे. कॉलनीतली मुलं त्यांना बहादूर म्हणायची, मी ते बंद करायला लावलं, ते त्यांचं नाव नाही. दर दसऱ्याला ते घरी जातात, त्यांच्याकडे दसैं, इथून बरेली, मग पलिया, मग दुधवाच्या जंगलातून गौरीफंटाचा नाका, पलीकडे धनगढी, तिथून बसने एक दिवस आणि मग चालत. २०२० च्या मार्चमध्ये दोन्ही देशांनी सीमा बंद केली तेव्हा त्यांची आई आजारी होती. ते कसेबसे नाक्यापर्यंत पोचले आणि तिथे एका शाळेच्या व्हरांड्यात अकरा दिवस बसले, पलीकडचं शहर समोर दिसत होतं. आई गेल्याचं फोनवर कळलं. त्याच दिवसांत धारचुलाला काही नेपाळी पोरांनी घरी जायला महाकालीत उड्या टाकल्या होत्या, पेपरमध्ये आलं होतं. काका म्हणाले, दीदी, हमारे यहाँ भी नदी होती तो मैं भी कूद जाता. साथ होती, बंद करणं भाग होतं, मी त्याला चूक म्हणत नाही. पण जे साथीत काही महिने करावं लागलं ते कायमचं करा असं लिहिताना माणसाने थांबायला पाहिजे.

माझं म्हणणं दार तसंच ठेवून उंबरठा नीट करा एवढंच आहे. सोनौलीला बायकांसाठी धड संडास नव्हता तेव्हा, उन्हात रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना बसायला बाक नव्हता. प्रत्येक नाक्यावर मोठ्या अक्षरात हिंदीत आणि नेपाळीत बोर्ड पाहिजे की भारतीयाला काय लागतं, नेपाळ्याला काय लागतं, गाडीला काय लागतं, कुठली नोट चालते, इमिग्रेशन कुठे आहे, म्हणजे एजंटांचा धंदा आपोआप बसेल. येणाऱ्याची नोंद ठेवायला माझी काहीच हरकत नाही, ओळखपत्र बघा, लिहून घ्या, जयनगर-जनकपूरची रेल्वे २०२२ मध्ये परत सुरू झाली तिच्यात ओळखपत्र दाखवूनच बसतात लोक आणि कोणाची तक्रार नाही. वाहून गेलेले खांब परत उभे करा, दसगजा मोकळी करा, आणि त्या माइतीच्या बायकांना टपरी नाही, पक्की खोली द्या.

आपल्या पेपरला पण एक विनंती आहे. मागच्या महिन्यात पर्यटन पुरवणीत लिहिलं होतं की नेपाळला जायला पासपोर्ट लागतोच. रस्त्याने जाणाऱ्याला नाही लागत, मतदार ओळखपत्र पुरतं, कृपया दुरुस्ती छापा, कोणीतरी आजी-आजोबा तेवढ्यावरून पशुपतिनाथचा बेत रद्द करतील. आणि ह्या पत्रासोबत मी सीमेचा नकाशा हाताने काढून, फोटो काढून पाठवतेय, पश्चिमेकडून पूर्वेकडे सगळे मोठे नाके त्यात आहेत, धारचुलापासून पानीटंकीपर्यंत. रंग फिकट आलाय, पण छापलात तर नद्यांची दोन्ही नावं ठेवा, काली आणि महाकाली, गंडक आणि नारायणी, एकच ठेवून दुसरं खोडू नका.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
लश्कर, ग्वाल्हेर